पहिलीतल्या आणि चौथीतल्या मुलांना आलेख आणि संभाव्यता घरी कशी शिकवावी?

तुम्ही लिहिलंय की मुलगी पहिलीत आणि मुलगा चौथीत आहे, देवगडजवळच्या गावात विकतचं साहित्य मिळत नाही, आणि मुलगा स्तंभालेख नीट काढतो पण "यावरून काय कळलं?" विचारलं की गप्प बसतो. गप्प बसण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: पुस्तकातली माहिती त्याने स्वतः मोजलेली नसते. दुसऱ्याने मोजलेल्या आकड्यांचे तो खांब रंगवतो. म्हणून आठवडाभर वही बाजूला ठेवा आणि जमिनीवर बसा. दोघांना एकत्र बसवता येतं.

एका टोपलीत फणसाच्या आठळ्या, चिंचोके आणि तिसऱ्यांच्या (शिंपल्यात राहणारा, खाल्ला जाणारा जीव) धुऊन वाळवलेल्या शिंपल्या मिळून तीसेक वस्तू घ्या. ओतायच्या आधी अंदाज करायला लावा: सगळ्यात जास्त काय असेल? अंदाज कागदावर लिहून घ्याच, नाहीतर मोजून झाल्यावर "मी हेच म्हटलेलं" सुरू होतं. मग प्रत्येक प्रकाराची एक ओळ लावायची. इथे हमखास घोळ होतो. ८ आठळ्यांची ओळ १२ चिंचोक्यांच्या ओळीपेक्षा लांब भरते आणि पहिलीतलं मूल लांबी बघून "आठळ्या जास्त" म्हणतं. लगेच सुधारू नका, दोघांना भांडू द्या. नंतर लाद्यांवर मांडा, एका लादीत एकच वस्तू आणि सगळ्या ओळी एकाच रेघेपासून. लादी नसेल तर कोब्यावर खडूने वीतभर चौकोन आखा. आता लांबी आणि संख्या जुळते. आलेखातला चौकोन कशासाठी असतो हे मुलाला इथे कळतं, वहीत नाही.

शिंपल्यांवरून आणखी एक प्रश्न निघतो. एका तिसरीच्या दोन शिंपल्या होतात, मग मोजायचं काय, तिसरी की शिंपली? दोन्ही चालेल, पण मोजायच्या आधी ठरवायचं.

पुढची पायरी चित्रालेखाची. मुलीसाठी एक चित्र म्हणजे एक वस्तू. मुलासाठी एक चित्र म्हणजे २, म्हणजे अर्धं चित्र काढायची वेळ येते आणि प्रमाण का लिहायचं ते समजतं. सुरुवातीला एक चित्र म्हणजे ५ घेऊ नका. ३ उरले की चित्राचे तुकडे करत बसावं लागतं.

स्तंभालेखात चुका ठरलेल्या असतात. मुलं आकडे रेघेवर न लिहिता चौकटीच्या पोटात लिहितात, मग ४ चा खांब साडेतीनवर थांबतो की साडेचारवर ते त्यांनाच ठरवता येत नाही. आकडा आडव्या रेघेवर आणि सगळ्यात खाली ०, हे पहिल्या दिवशीच पक्कं करा. खांबांची रुंदी आणि मधली जागा सारखी हवी. ज्या प्रकारात काहीच नाही त्याचं नाव मुलं गाळतात. नाव ठेवायचं, खांब नाही.

माणसांना विचारून माहिती गोळा करायची असेल तर "आवडता मासा कोणता?" असं मोकळं विचारू नका. वीस माणसांची बारा उत्तरं येतील आणि आलेखात नुसते ठेंगणे खांब दिसतील. बांगडा, सुरमई, पापलेट, बोंबील, "इतर" आणि "मासे खात नाही" एवढेच पर्याय द्या. शेवटचा पर्याय विसरलात तर अर्धी वाडी मोजणीतून बाहेर. ताळ्याच्या खुणा करताना चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. मुलं पाच उभ्या काढून वर आडवी मारतात, मग सहा मोजून झालेले असतात पण हिशोबात पाच धरले जातात.

पावसाळ्यात सगळ्यात चांगली माहिती खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पडते: रोजचा पाऊस मोजा. सरळ बुडखा असलेली बाटली खांद्याशी कापा, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. तळ खडबडीत असतो, म्हणून चार खडे टाकून ते बुडतील इतकं पाणी घाला आणि त्या पातळीला ० धरून मोजपट्टी चिकटवा. माडाखाली किंवा पागोळ्यांखाली ठेवू नका. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खातं मोजतं त्याच वेळी, आकडा लिहायचा आणि पाणी पुन्हा ० पर्यंत ओतून टाकायचं. आलेखात एका चौकटीला १० मिमी धरा. खातं २४ तासांत ६४.५ मिमीपासून पुढे मुसळधार म्हणतं आणि आपल्याकडे तसे दिवस येतातच, त्यामुळे एका चौकटीला १ मिमी धरलात तर खांब वहीबाहेर जाईल.

आता संभाव्यता, म्हणजे एखादी गोष्ट घडण्याची शक्यता किती. हा धडा दहावीच्या बीजगणितात येतो, तोवर अपूर्णांक आणि सूत्र नको. एक सुतळी बांधा, एका टोकाला "शक्यच नाही", दुसऱ्या टोकाला "नक्की". चिठ्ठ्या कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवायच्या: "उद्या भरती येईल", "७ जूनला पाऊस पडेल", "१५ जुलैला पाऊस पडेल", "आंब्याला नारळ लागेल". भरती आणि नारळ टोकांना जातात. खरा खेळ मधल्या दोघांचा आहे: "कदाचित" या शब्दातही कमी-जास्त असतं, हे मुलीलाही चिठ्ठी सरकवताना उमगतं.

यानंतर होड्यांची शर्यत. माझ्या मते सगळा विषय या एका खेळात सामावलेला आहे, म्हणून यालाच वेळ द्या. लाद्यांवर १ ते १२ अशा बारा रांगा, प्रत्येक ८ लाद्यांची. प्रत्येकीच्या तोंडाशी कागदाची होडी. मुलांनी आळीपाळीने होड्या निवडायच्या. लुडोचे दोन फासे टाकायचे, बेरीज येईल त्या क्रमांकाची होडी एक लादी पुढे आणि सोडलेल्या लादीवर एक चिंचोका. आठवी लादी ओलांडेल ती जिंकली.

पहिल्या डावात काही समजावू नका. १ ची होडी कुणीतरी घेतंच आणि ती किनाऱ्यावरच बसून राहते. "शक्यच नाही" तिथे डोळ्यांसमोर असतं. तीन-चार डावांत मुलगा ६, ७, ८ साठी हट्ट धरू लागेल. मग विचारा, का? एक फासा लाल, एक पांढरा हवा. एकच फासा असेल तर दोनदा टाका, पहिला आणि दुसरा. नाहीतर ३+४ आणि ४+३ वेगळे आहेत हे मुलाला पटत नाही. ६ बाय ६ चा तक्ता काढून ३६ चौकटींत बेरजा लिहायला लावा: ७ सहा ठिकाणी, ६ आणि ८ पाच-पाच ठिकाणी, २ आणि १२ एकेकाच ठिकाणी. मग जमिनीकडे बघा. चिंचोक्यांच्या रांगा म्हणजेच स्तंभालेख, आणि मधले खांब उंच का हे आता मुलगा स्वतः सांगू शकतो. एखाद्या डावात ७ हरेल. हरू द्या, तोही धड्याचाच भाग आहे.

नाणं सगळे उडवतात, पण तिथे फसगत होते. १० वेळा उडवून नेमके ५ छापे येण्याची शक्यता चारात एकच्या आसपास असते, म्हणून ७ छापे आले तर नाणं खोटं ठरत नाही. दोघांचे डाव एकत्र करून १०० पर्यंत न्या आणि बघा. "चारदा छापा आला, आता काटा येणारच" हे मुलं म्हणतातच. तेव्हा वाद घालू नका. चार सलग छाप्यांनंतर काय आलं एवढंच वेगळं नोंदवायला सांगा.

नाण्याच्या जोडीला कवडी घ्या. तिलाही दोनच बाजू, उताणी आणि उपडी, पण दोन बाजू असल्या म्हणून निम्म्या-निम्म्या पडतील असं नाही, कारण तिचा आकार दोन्हीकडे सारखा नाही. ५० वेळा टाकून मोजल्याशिवाय सांगता येत नाही. दगडावर घासून दोन भाग केलेल्या चिंचोक्याचंही तेच.

थैलीतून न बघता वस्तू काढायचा खेळ शेवटी ठेवा. वस्तू हाताला सारख्याच लागायला हव्यात: एकाच मापाची १० बुचं, ७ ना एक रंग, ३ ना दुसरा. आठळी आणि चिंचोका घातलात तर मूल चाचपून हवं ते काढतं. काढलेलं बूच दर वेळी परत टाकून थैली हलवायची, २० वेळा काढून झालं की आत काय आहे याचा अंदाज. दिसायला छान म्हणून गुंजा मात्र वापरू नका, त्या विषारी असतात. झाडावरून नुकत्या उतरवलेल्या काजूच्या बियाही नकोत, चीक लागला की हात भाजतो.