शंभर पानी पुस्तकाची पृष्ठे किती?

प्रश्न: गिरगावातील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त स्मरणिका काढायची आहे. छापखान्याला आम्ही 'शंभर पाने' असे कळवले, तर दरपत्रक दोनशे पृष्ठांचे आले. पान आणि पृष्ठ हे समानार्थी शब्द नाहीत का? दरपत्रकातील 'फर्मे' म्हणजे काय?

उत्तर: समानार्थी नाहीत, आणि छापखान्याचे काहीही चुकलेले नाही. पान म्हणजे उलटता येतो तो कागद आणि पृष्ठ म्हणजे त्याची एक बाजू. त्यामुळे शंभर पानांची पृष्ठे दोनशेच होणार. 'इतिहासाची पृष्ठे उलटताना' हा शब्दप्रयोग सभासमारंभांत इतक्यांदा ऐकावा लागतो की आता तो सहन होत नाही. उलटते ते पान. पृष्ठ उलटत नाही.

पान हे 'पर्ण'वरून आले, हे सर्वश्रुत आहे. नवल आहे ते पृष्ठ या शब्दात. संस्कृतात पृष्ठ म्हणजे पाठ, आणि आपली 'पाठ' हे त्याच शब्दाचे झिजलेले रूप. कागदालाही पाठ असते, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही: एका बाजूने वापरलेला कागद 'पाठकोरा' असतो आणि दोन्ही बाजूंनी लिहिलेला 'पाठपोट'. मग पाठीचे नाव कागदाच्या पुढच्या बाजूलाही कसे मिळाले? 'भूपृष्ठ', 'जलपृष्ठ' यांप्रमाणे येथेही पृष्ठ म्हणजे केवळ वरचा भाग, असे सांगून बहुतेक जाणकार मोकळे होतात. हा अर्थ संस्कृतात आहे, हे मला मान्य आहे. परंतु कागदाच्या संदर्भात तोच का रुजला, याचे उत्तर त्यातून मिळत नाही आणि ते शोधण्याची तसदीही ही मंडळी घेत नाहीत.

माझ्या मते उत्तर पोथीत आहे. पोथीची पाने सुटी असतात आणि क्रमांक प्रत्येक बाजूला नव्हे, तर प्रत्येक पानाला एकदाच घातलेला असतो. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात १८६३ पासून अध्यापन केलेले गेओर्ग ब्यूलर यांनी नोंदवले आहे, की दक्षिण भारत वगळता अन्यत्र हा अंक पानाच्या दुसऱ्या बाजूवर घालत आणि त्या बाजूला 'सांकपृष्ठ', म्हणजे अंक असलेली पाठ, म्हणत. पोथीतला संदर्भ शोधणाऱ्याची नजर अशा रीतीने पानाच्या पाठीवर जाई. पुढे छापील ग्रंथांत दोन्ही बाजूंना क्रमांक पडू लागले, तेव्हा अंक धारण करणाऱ्या बाजूचे नाव दोन्हींना लागले, असे मी मानतो. दाक्षिणात्य पोथ्यांत अंक पुढच्या बाजूला असतो, हा आक्षेप येथे लागू होत नाही, कारण आपल्याकडील देवनागरी पोथ्या उत्तरेकडील रीतीने लिहिल्या जात. 'मुखपृष्ठ' या शब्दाकडे बोट दाखवणाऱ्यांनी तर विचारच केलेला नसतो: 'मुख' आणि 'पाठ' एका शब्दात सुखाने नांदतात, यावरून पृष्ठाचा मूळ अर्थ पुढे विसरला गेला एवढेच सिद्ध होते, तो नव्हता, हे नव्हे.

आता आपल्या स्मरणिकेकडे वळतो. दरपत्रक मागवताना 'पाने' हा शब्द लिहूच नये. 'आतील पृष्ठे इतकी, आवरणाची चार पृष्ठे वेगळी, छपाई पाठपोट' असे स्पष्ट लिहावे. मोठ्या तावावर पृष्ठे एकत्र छापून त्याच्या घड्या घातल्या की जो जुडगा तयार होतो, तो फर्मा. डेमी अष्टमांश, म्हणजे सुमारे साडेपाच बाय साडेआठ इंच आकाराच्या पुस्तकात फर्मा सहसा १६ पृष्ठांचा असतो. आपल्याला बाजू मोजून शंभर हव्या असतील, तर सहा फर्म्यांत ९६ पृष्ठे बसतात आणि उरलेल्या चार पृष्ठांसाठी मुद्रकाला वेगळी जुळणी करावी लागते, तिचा खर्च आपल्यावरच पडतो. शुभेच्छांचा मजकूर थोडा आटोपता घेऊन आतील पृष्ठे ९६ वर आणावीत आणि त्याप्रमाणे नवे दरपत्रक मागवावे.