एस्प्रेसोचं दळण आखातात विकायचं तर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. इटलीहून आलेली नमुन्याची पाकिटं तुला आवडली, भाव परवडतोय, आणि जूनमध्ये वीस फुटी कंटेनर भरून दळलेली एस्प्रेसो कॉफी दुबईच्या जेबेल अली बंदरात उतरवायची, असं ठरत आलंय. तो कंटेनर मागवू नकोस. जूनमध्ये तर नकोच.

दिवाळीआधी घरात भाजणी दळून यायची, तेव्हाचा वास आठव. दोन महिन्यांनी तोच डबा उघडला तर पीठ तेच असतं, चकलीही होते, पण तो वास गेलेला असतो. कॉफीचं तेच, फक्त कितीतरी वेगाने. भाजलेल्या बीमध्ये कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. सबंध बीमधून तो कित्येक दिवस हळूहळू सुटतो, दळल्यावर बराचसा काही तासांतच निघून जातो आणि जाताना सुगंध घेऊन जातो. म्हणून तर कारखाने दळलेली कॉफी व्हॅक्यूममध्ये विटेसारखी घट्ट बांधतात किंवा डब्यात नायट्रोजन भरतात. पाकिटावरची दीड-दोन वर्षांची मुदत खरी असते, पण ती माल खराब न होण्याची मुदत आहे. चव त्याच्या कितीतरी आधी उतरते, आणि फोडलेलं पाकीट तर दोन आठवड्यांत संपवावं. तू मुदतीचा हिशेब धरून कंटेनर भरतोयस. तुझं गिऱ्हाईक मात्र चवीचा हिशेब धरून दुसऱ्यांदा येणार आहे, किंवा येणार नाही.

आता हे गिऱ्हाईक कोण, ते नीट बघ. तुझ्या यादीत पहिलं नाव कॅफेंचं आहे, ते खोडून टाक. चांगल्या कॅफेत स्वतःचं ग्राइंडर असतं, ते बी घेतात, आणि ते बरोबरच करतात. एस्प्रेसो नऊ बारच्या (हवेच्या दाबाच्या सुमारे नऊपट) दाबाने पंचवीस-तीस सेकंदांत उतरते. हवेतली आर्द्रता बदलली तरी तिथला पोरगा दळण किंचित बारीक-जाड करतो. दळून आलेल्या कॉफीत त्याच्या हातात काहीच उरत नाही. एक अपवाद आहे आणि तो तुझ्या कामाचा आहे: डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली कॉफी. दिवसाकाठी चार कप डिकॅफसाठी दुसरं ग्राइंडर कोण ठेवणार? तिथे दळलेल्या डिकॅफची लहान पाकिटं आवडीने घेतली जातात.

बाकी तुझं खरं गिऱ्हाईक म्हणजे घरगुती छोटी मशीनवाले (त्यांच्या दुहेरी तळाच्या गाळणीला दळणातला थोडा फरक चालतो), पँट्रीत एकच मशीन असलेली ऑफिसं, आणि मोका पॉटवाली (शेगडीवर ठेवून कॉफी करायचं इटालियन भांडं) घरं. मोका पॉटला एस्प्रेसोपेक्षा किंचित जाड दळण लागतं, हे विसरू नकोस. बारीक दळण त्यात घातलं की कडू, जळकी कॉफी येते आणि दोष पाकिटाच्या माथी बसतो. उलट बाजूने, लेबनीज किंवा सीरियन घरात उकळून करायच्या कॉफीला पिठासारखं बारीक दळण हवं असतं, एस्प्रेसोपेक्षाही बारीक. आणि इमिराती घरातला गहवा ही तर वेगळीच गोष्ट: फिकी भाजलेली कॉफी, वेलदोडा, केशर, दल्ला नावाच्या चोचीच्या किटलीतून फिंजान नावाच्या छोट्या पेल्यात ओतलेली. २०१५ साली युनेस्कोने त्या आतिथ्याची नोंद वारसा म्हणून केली. त्या मजलिसमध्ये (पाहुण्यांच्या बैठकीत) तुझी काळी भाजलेली कॉफी गहव्याची जागा घ्यायला जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. पाकिटावर मोठ्या अक्षरांत, अरबीत आणि इंग्रजीत, कोणत्या भांड्यासाठी हे दळण आहे ते लिही. त्या एका ओळीने तुझ्या अर्ध्या तक्रारी वाचतील.

लेबलचं निघालंच आहे तर माझं सांगतो. माझी पहिली मोठी खेप जुलैत आली होती. अरबी मजकुराचा स्टिकर मी नीट करून घेतला होता, तो चालतो. पण पाठवणाऱ्याने उत्पादनाची तारीखही स्टिकरवरच छापली होती. उत्पादन आणि मुदतीच्या तारखा मूळ पाकिटावरच हव्यात, वरून चिकटवलेल्या चालत नाहीत. तपासणीत माल अडकला. कागद, खुलासे, पुन्हा कागद. तोवर कंटेनर यार्डात उन्हात उभा. बाहेर पंचेचाळीस अंश असताना बंद लोखंडी पेटीच्या आत साठच्या घरात तापमान जातं. माल सुटला तेव्हा कितीतरी विटा मऊ पडल्या होत्या, म्हणजे आत हवा शिरलेली. मी एक पाकीट फोडलं, वास घेतला आणि गोदामातच खाली बसलो. ती कॉफी मी विकली नाही. चूक पाठवणाऱ्याची होती, पण छपाईआधी पाकिटाचा नमुना मागवून तपासायचं काम माझं होतं. तू तो मागव, आणि माल निघण्याआधी लेबलची मंजुरी घे. डिलिव्हरी ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये बसव. उन्हाळ्यात आणायचीच वेळ आली तर थोडी आण, रीफरमध्ये (थंड कंटेनरमध्ये) आण, आणि गोदाम एसीचं घे.

शिवाय वाटेतले दिवसही धर. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा कित्येक कंपन्यांनी सुवेझ सोडून केप ऑफ गुड होपचा वळसा घेतला. त्यात वाढलेला प्रत्येक दिवस तुझ्या पाकिटाच्या आयुष्यातून वजा होतो.

पैशाबद्दल दोनच गोष्टी, पण त्या भिंतीवर लिहून ठेव. दिरहम डॉलरला ३.६७२५ ला बांधलेला आहे, म्हणून इथल्या व्यापाऱ्याला चलनाच्या चढउताराची सवयच राहत नाही. तू मात्र युरोत घेणार. २०२२ च्या सप्टेंबरात युरो साडेतीन दिरहमच्या आसपास होता, २०२५ मध्ये सव्वाचारच्या वर गेला. तुझ्या मांडणीतला सगळा नफा एवढ्या फरकात बुडतो. त्यातच २०२५ च्या फेब्रुवारीत अरेबिका जातीच्या कॉफीचा भाव न्यूयॉर्कला पौंडाला चार डॉलरच्या वर गेला होता, हेही लक्षात असू दे. आणि सुपरमार्केट. प्रत्येक बारकोडमागे लिस्टिंग फी, फळीचं भाडं, ऑफरचा खर्च तुझ्या माथी, मुदत संपत आलेला माल परत, आणि बिलाचे पैसे नव्वद ते एकशेवीस दिवसांनी. उधारीचं पोतं सव्वा हात रितं, हे आपल्या म्हाताऱ्यांनी उगाच म्हटलं नाही. पहिल्या वर्षी मोठ्या साखळ्यांकडे जाऊच नकोस. वीस ऑफिसं धर, दर पंधरा दिवसांनी स्वतः माल पोचव, पैसे हातोहात घे.

करांचं थोडक्यात. कस्टम्स ड्युटीचा सर्वसाधारण दर सीआयएफ किमतीच्या (माल, विमा आणि भाडं धरून) ५ टक्के आहे आणि काही खाद्यवस्तूंना सूट आहे. भाजलेली कॉफी कस्टम्सच्या यादीत ०९०१ शीर्षकाखाली येते. तुझ्या नेमक्या कोडला किती लागते, ते क्लिअरिंग एजंटकडून लेखी घे, तोंडी नको. व्हॅट ५ टक्के, आणि वर्षाची विक्री ३,७५,००० दिरहमवर गेली की नोंदणी सक्तीची. सौदीत हाच व्हॅट १५ टक्के आहे, तेव्हा तिकडचा भाव इथल्या भावावरून काढू नकोस.

एक शेवटचा विचार, जो मी स्वतः फार उशिरा केला. इटालियन मिश्रणांत क्रीमा, म्हणजे वरचा फेस, दाट यावी म्हणून जो रोबस्टा (कॉफीची दुसरी जात) घालतात, त्यातला काही आपल्या कोडगू-वायनाडकडचा असतो. तो समुद्रमार्गे इटलीला जातो, भाजून-दळून होतो आणि पुन्हा समुद्रमार्गे तुझ्या गोदामात येतो. दुबईतच हिरवी बी घेऊन भाजणारे आता पुष्कळ आहेत. जेबेल अलीला २०१९ पासून डीएमसीसीचं (दुबईच्या सरकारी व्यापारी संस्थेचं) कॉफी केंद्रही आहे, तिथे कॉफी साठवणं आणि भाजणं दोन्ही होतं. इथल्या एखाद्या भट्टीवाल्याकडून तुझ्या नावाने दर आठवड्याला पन्नास किलो भाजून-दळून घे, आणि पाकिटावर भाजल्याची तारीख छाप. इटलीचं नाव नसेल. पण सोमवारी भाजलेली कॉफी गुरुवारी गिऱ्हाईकाच्या टेबलावर असेल, आणि ती किती महाग पडते याचा हिशेब आपण दोघे मिळून करू.

शनिवारी संध्याकाळी घरी ये. तुझ्या इटलीच्या नमुन्यांपैकी एक न फोडलेलं पाकीट आण, आणि फोडून महिना झालेलंही एक आण. मोका पॉट माझ्याकडे आहे. काकू पोह्यांचं बघते म्हणाली.

तुझा,
काका