दह्याला तार सुटते, ते खावं की टाकून द्यावं?

चमच्याने दही उचललं की लांब तार निघते, ते टाकून द्यायचं का आणि त्या चिकटपणात खरंच काही गुण असतात का, असं तुम्ही विचारलंय. मी परभणीला फूड टेक्नॉलॉजी शिकलो आणि पुढे लातूरकडच्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी केली, म्हणून लिहितो.

दही नीट लागलंय, वास स्वच्छ आंबट आहे, तर खुशाल खा. विरजणातले काही लॅक्टिक ॲसिड जिवाणू साखरेचे रेणू जोडून लांबलचक साखळ्या बनवतात आणि पेशीबाहेर सोडतात. या साखळ्यांना पॉलिसॅकराइड म्हणतात, आणि दह्याची तार त्यांचीच. दूध न लागताच चिकट झालं, वासही उग्र येतोय, तर ते दुसऱ्याच जिवाणूंचं काम. ते टाका.

या साखळ्या पाणी धरून ठेवतात. त्यामुळे दह्यावर निवळी कमी सुटते आणि साय काढलेल्या दुधाचं दहीही दाट लागतं. लिटरमागे शे-दोनशे मिलिग्रॅम असल्या तरी फरक कळतो. म्हणून डेअरीवाले असे जिवाणू मुद्दाम निवडतात. फिनलंडमध्ये तर ‘व्हीली’ नावाचं तारेचंच दही आवडीने खातात.

आम्हाला कारखान्यात मात्र याच कुळातल्या एकाने छळलं. ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू उसाच्या साखरेपासून डेक्स्ट्रान बनवतो. तोडलेला ऊस, त्यातही जळका, गाडी लागेपर्यंत मराठवाड्याच्या उन्हात दोन-तीन दिवस पडून राहिला की हा जिवाणू कापलेल्या टोकातून आत शिरतो. मग रस चिकट होतो, गाळायला वेळ लागतो, साखरेचा दाणा लांबट पडतो, उतारा, म्हणजे उसातून हाती येणारी साखर, घसरतो. शेतकरी वैतागतो, केमिस्टही वैतागतो. आणि गंमत बघा, हेच डेक्स्ट्रान शुद्ध करून, रेणूंचा आकार ठरावीक ठेवून, रक्तस्राव झालेल्या रुग्णाला शिरेतून देत आलेत, 1940 च्या दशकापासून. लोहाच्या काही इंजेक्शनांतही ते असतं.

आता औषधी गुणांचं. प्रतिकारशक्ती वाढते, कोलेस्टेरॉल उतरतं, असं जे वाचायला मिळतं त्यातलं बरंचसं प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर पाहिलेलं आहे. शिवाय प्रत्येक जिवाणूची साखळी वेगळी, तिचे गुणही वेगळे. तुमच्या विरजणात कोणता जिवाणू आहे हे तपासल्याशिवाय कुणी ठामपणे सांगत असेल तर त्याच्याकडे काहीतरी विकायला आहे, असं समजा.

तार नकोच असेल तर भांडं उकळत्या पाण्याने धुवा आणि दुसऱ्या घरचं विरजण आणा. थंडीत सावकाश लागलेल्या दह्याला बऱ्याचदा तार जास्त येते, तेव्हा उबदार जागी लावून बघा. काही जिवाणूंमध्ये तार बनवणारी जनुकं मूळ गुणसूत्रावर नसतात. म्हणून पुन्हा पुन्हा उबेत विरजलं की ती गळून जाऊ शकतात. तोवर ताक करा. रवीने घुसळलं की तार बरीचशी मोडते.