जो ओरडतो तोच सापडतो

सांखळीच्या ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा सहावीत, ऑटिझमचे निदान झालेले. वर्गातली मुले त्याला 'पिसो' (वेडा) म्हणतात, दप्तर लपवतात. बाई म्हणतात, "मस्करी हो ती, हाच उगाच चिडतो, त्याला जरा सहन करायला शिकवा." सासूबाईंचे म्हणणे शाळा बदला, दीर म्हणतात एकदा उलट ठेवून दे. मुलगा मात्र घरी अवाक्षर काढत नाही. सुरुवात कुठून करू, असे तुम्ही विचारले आहे.

आम्ही फोंड्याकडचे. माझा मुलगा आता 23 वर्षांचा आहे, त्यामुळे यातले बहुतेक सगळे आमच्या घरात होऊन गेले आहे. उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

दिरांचा सल्ला आधी निकालात काढू. आमच्याकडेही एका काकांनी तोच दिला होता. आपली मुले सांगितलेले तंतोतंत करतात. त्याने दुसऱ्या दिवशी सरांच्या डोळ्यांदेखत, फळ्यापाशी, ठेवून दिली. समोरच्या पोराने महिनाभर जे केले होते ते सरांच्या पाठीमागे केले होते. चिठ्ठी कोणाच्या घरी आली असेल, सांगायला नको.

आता 'काही सांगत नाही' याबद्दल. तुम्ही रोज विचारता, "आज कोणी त्रास दिला का?" तो "नाही" म्हणतो. ताई, तो लपवत नाहीये. त्रास कशाला म्हणायचे हेच त्याला ठाऊक नसेल, तर त्याचे उत्तर खरेच आहे. माझा मुलगा चौथीत होता तेव्हा रोज खूश होऊन घरी यायचा. आम्हाला वाटले मित्र जमले. एकदा जेवताना म्हणाला, "आज मी पाच वेळा वाजलो." वाजलो म्हणजे? त्याला पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंग्याचा आवाज हुबेहूब काढता येतो. मधल्या सुट्टीत मुले त्याला बाकावर उभा करून भोंगा वाजवायला लावत, लोळून हसत, आणि दर वेळी एक गोळी देत. पाच गोळ्या खिशात होत्या, वेष्टनासकट. त्याच्या लेखी ते मित्र होते. ते हसत होते, गोळ्या देत होते, आणखी काय हवे?

म्हणून त्रासाबद्दल विचारू नका, वस्तूंबद्दल विचारा. आज डबा कुठे बसून खाल्लास? शेजारी कोण होते? पेन्सिल कोणाकडे राहिली? बालरथात (शाळेच्या बसमध्ये) खिडकीजवळ बसलास की मध्ये? बाटली ओली का आहे? आपली मुले यात सहसा चुकत नाहीत. बोलणे कमी असेल तर कागदावर वर्गाचा आणि बालरथाचा नकाशा काढा आणि कोण कुठे होते ते त्याला बोट ठेवून दाखवू द्या. आठवडाभरात चित्र दिसू लागते.

पाचवीत आमच्या डायरीत लागोपाठ शेरे येऊ लागले. 'वर्गात ओरडतो.' 'बाक ढकलला.' 'समज द्यावी.' मी समज देत राहिलो. मग शाळेच्या शिपायानेच एक दिवस फाटकाशी गाठून सांगितले की मागच्या बाकावरची दोघे वेफर्सची रिकामी पाकिटे फुगवून ठेवतात आणि सरांनी फळ्याकडे तोंड केले की याच्या कानामागे फोडतात. ज्याचे कान मिक्सरचा आवाजही सहन करत नाहीत, त्याच्या कानामागे. पाकीट फुटायला अर्धा सेकंद लागतो, याचे ओरडणे दोन मिनिटे चालते. सर वळून बघतात तेव्हा पाकीट बाकाखाली गेलेले असते आणि हा उभा राहून किंचाळत असतो. शेरा कोणाला? सरांनी खोटे लिहिले नव्हते, बरे का. फक्त त्यांची गोष्ट अर्ध्यातून सुरू होत होती.

सगळी मेख इथे आहे. गोष्ट अर्धा मिनिट आधीपासून सुरू करायला त्या मोठ्या माणसांना भाग पाडायचे, एवढेच तुमचे काम. पोरांशी भांडू नका, त्यांच्या आयांशी तर मुळीच नको.

एक दोनशे पानी वही घ्या. तारीख, वेळ, जागा, आधी काय झाले, मग तुमच्या मुलाने काय केले, मोठे माणूस कोण हजर होते. नंतर काय शिक्षा झाली तेही. विशेषणे नकोत. 'दुष्ट पोरांनी छळले' असे लिहिले की हेडमास्तर वही मिटतात. 'मंगळवार, तिसरा तास, मागून पाकीट फोडले, त्याने कान झाकले आणि ओरडला, त्याला तास संपेपर्यंत बाहेर उभे केले' असे लिहिले की त्यांना उत्तर द्यावे लागते. घरी आल्यावर तो दप्तर फेकतो, तासभर पलंगाखाली बसतो, हेही टिपा. दिवसभर शाळेत दात आवळून धरलेले घरी सुटते. शाळा मात्र त्यावरून म्हणते, "आमच्याकडे शांत असतो, तुमच्या घरीच काहीतरी बिघडले आहे." वही असली की वेळा जुळवून दाखवता येतात.

तीन आठवडे झाले की हेडमास्तरांना पत्र द्या. तोंडी नको. दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठायचे नाही. पत्रात शिक्षा मागू नका, सोयी मागा. पाठ भिंतीकडे येईल अशी जागा, सुट्टीत बसायला वाचनालय, घंटेच्या पाच मिनिटे आधी वर्गातून निघायची परवानगी, आणि नाव घेऊन ठरवलेले एक मोठे माणूस, ज्याच्याकडे त्याने जायचे. शाळेत रिसोर्स टीचर (दिव्यांग मुलांसाठीचे खास शिक्षक) येत असतील तर त्यांना बैठकीला बसवा. बालरथाच्या अटेंडंटला विसरू नका. शाळेचे निम्मे राजकारण त्या गाडीत चालते आणि तिथे शिक्षक नसतो. आमच्याकडे सर्वांत जास्त उपयोग तो शिपाई आणि अटेंडंट बाई यांचाच झाला.

कायदा पहिल्या दिवशी काढू नका, पण माहीत असू द्या. दिव्यांगजन हक्क कायदा 2016 चा. त्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. कलम 16 प्रमाणे भेदभाव न करता शिकवणे आणि गरजेप्रमाणे सोय करून देणे शाळेवर येते. कलम 92 मध्ये चारचौघांत, मान खाली घालायला लावण्याच्या हेतूने, दिव्यांग व्यक्तीचा जाणूनबुजून अपमान केला किंवा धमकावले तर 6 महिने ते 5 वर्षे कैद आणि दंड आहे. हे कलम अकरा वर्षांच्या पोरावर उगारायचे नसते. वर्गासमोर स्वतःच 'पिसो' म्हणणारा मोठा माणूस निघाला तर गोष्ट वेगळी. (निघतात. आम्हाला एक भेटला होता.) शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 17: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई. तास संपेपर्यंत बाहेर उभे करणे कशात बसते, हे हेडमास्तरांनाच विचारा. शिवाय आपल्या गोव्याचा 2003 चा बाल कायदा आहे, आणि त्यात मुलाची प्रतिष्ठा उतरवणारे शब्द आणि वागणेही अत्याचारात मोडते. पत्राला उत्तर आले नाही तर दुसऱ्या पत्रात ही कलमे लिहा आणि प्रत राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांना व बाल हक्क आयोगाला पाठवा. त्यासाठी दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) हाताशी हवे. नुसती खासगी डॉक्टरची चिठ्ठी असेल तर सरकारी मेडिकल बोर्डाचे काम याच महिन्यात सुरू करा.

पणजीत जानेवारी 2023 मध्ये पहिला पर्पल फेस्ट (दिव्यांगांसाठीचा महोत्सव) झाला, तेव्हापासून हे विषय निदान लोकांच्या कानावर तरी आहेत. टाळ्या भरपूर वाजतात. सोमवारी सकाळी बालरथ तोच असतो.

आता 'सहन करायला शिकवा' याकडे येतो. हे लिहायला मला जड जाते. माझा मुलगा सात वर्षांचा असताना चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मूळ घरी आम्ही तीसपस्तीस माणसे. आरती सुरू झाली, दोन घुमटे, एक शामेळ (ही तालवाद्ये), झांजा, वर पत्र्याचे छप्पर. त्याने दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले आणि मागे सरकू लागला. थोरले चुलते बघत होते. मी त्याची मनगटे धरून हात खाली ओढले आणि आरती संपेपर्यंत तसेच धरून ठेवले. तो ओरडला नाही, नुसता थरथरत होता. संपल्यावर चुलते म्हणाले, "बघ, सवय झाली की नाही?" मलाही अभिमान वाटला, खोटे कशाला सांगू.

त्याला सवय झाली ती वेगळीच. अंगाला नको वाटले तरी मोठ्या, ओळखीच्या, हसऱ्या माणसाने सांगितले की ते करायचे. ती शाळेत त्या बाकावर उपयोगी पडली, आणि पुढेही पडली. गेल्या वर्षी तो एका छापखान्यात लागला. दोन महिन्यांनी पासबुक बघतो तर पगार महिनाअखेरीपर्यंत पुरत नाही. दोन 'मित्र' रोज संध्याकाळी त्याला गाड्यावर नेत, तिघांचे रस ऑमलेट, वर मोबाइलचे रिचार्ज, पैसे दर वेळी याने द्यायचे. मी विचारले, "तू नाही का म्हणत नाहीस?" तो म्हणाला, "ते रागावत नाहीत. ते हसतात." चौथीतल्या गोळ्या आठवल्या. तिथे गोळ्या मिळत तरी होत्या.

तेव्हा ताई, त्याला सहन करायला शिकवू नका, नको म्हणायला शिकवा, आणि ते घरापासून. भाजी नको म्हटले तर नको. आत्याने गालगुच्चा घेतलेला नको म्हटले तर आत्याला थांबवा, तिला राग आला तरी. घरात त्याच्या 'नको'ला किंमत नसेल तर वर्गात तो ते कोणत्या तोंडाने म्हणेल? आम्ही हे उशिरा सुरू केले. आता चवथीला तो अंगणात फणसाखाली उभा राहून आरती म्हणतो, सगळी कडवी पाठ आहेत. चुलत्यांना आवडत नाही.

शाळा बदलायची का? पर्वरीचे संजय सेंटर, ढवळीचे लोकविश्वास, या विशेष मुलांच्या शाळांची कामे मी जवळून पाहिली आहेत आणि मुलाची गरज तशी असेल तर खुशाल घाला, त्यात कमीपणा नाही. पण पोरे छळतात म्हणून याला हलवायचे असेल तर आधी वही आणि पत्र होऊ द्या. नाहीतर शाळा त्याचीच सुटते आणि पाकीट फोडणारे तिथेच राहतात, पुढच्या वर्षी दुसरा कोणी सापडतो.

त्याला ऑटिझमबद्दल सांगावे का, हे तुम्ही शेवटी एका ओळीत विचारले आहे. सांगा, आणि दुसऱ्या कोणी 'पिसो' या शब्दात सांगायच्या आत सांगा. आम्ही बाराव्या वर्षी सांगितले, एका संध्याकाळी, ओसरीवर. तुझे कान जास्त ऐकतात, चेहऱ्यावरचे तुला पटकन वाचता येत नाही, याला नाव आहे, ते हे. तो बराच वेळ गप्प होता. मग विचारले, "पाकीट फोडणाऱ्यांना काय आहे?" मला उत्तर देता आले नाही.

पत्राचा मसुदा झाला की नावे काढून इथे टाका, मी बघतो. शनिवार सोडून. शनिवारी आम्ही दोघे कदंबाच्या बसने पणजीला जातो, त्याला फेरीबोटी बघायच्या असतात.