ब्रंच, न्याहारी आणि सावकाश

प्रश्न असा आला आहे: ‘शनिवार-रविवारी आम्ही उशिरा उठतो. नाश्ता वेगळा करत नाही. अकरा-साडेअकराला घरीच सगळे एकदम खायला बसतो आणि दीडेक तास कोणी जागचं हलत नाही. याला मराठीत ब्रंचच म्हणायचं की दुसरा शब्द आहे? आणि “आम्ही घरी आरामदायी ब्रंचचा आनंद घेतला” हे वाक्य मराठी म्हणून चालेल का?’

ब्रंच खुशाल म्हणा. वाक्य मात्र चालणार नाही. माझा जीव खरा या दुसऱ्या प्रश्नात आहे, पण आधी शब्दाचं पाहू.

ब्रेकफास्टचं डोकं आणि लंचचं धड जोडून हा शब्द झाला, हे उघडच आहे. तो छापात आणल्याचं श्रेय गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाला दिलं जातं. 1895 साली एका साप्ताहिकात त्याने ब्रंचची बाजू मांडणारा लेख लिहिला होता. रविवारी लवकर उठायची सक्ती नको, शनिवारची रात्र मनासारखी जागवता यावी, आणि दुपारच्या सुमाराला असं काही खावं की माणसं बोलती होतील, असं त्याचं म्हणणं. म्हणजे दोन वेळांची बेरीज एवढाच या शब्दाचा अर्थ जन्मापासून कधी नव्हता. सुट्टी, उशिरा उठणं आणि गप्पा या तिन्ही गोष्टी त्याच्यासोबतच आल्या. कामाच्या दिवशी नाश्ता हुकला म्हणून साडेअकराला घाईघाईने डबा उघडला, तर त्याला कोणी ब्रंच म्हणत नाही. पुढच्याच वर्षी ‘पंच’ या इंग्रजी नियतकालिकाने यात एक भेदही नोंदवला: हे खाणं नाश्त्याच्या वेळेजवळ असेल तर ब्रंच, दुपारच्या जेवणाजवळ असेल तर ब्लंच. ब्लंच मागे पडला, कारण घड्याळ बघून नाव बदलायचं तर मग सुट्टी कसली!

आता मराठी पर्याय. न्याहारी आणि जेवण यांचे तुकडे जोडून ‘न्याजेवण’, नाश्त्याचा तुकडा घेऊन ‘नाजेवण’ असे शब्द अधूनमधून सुचवले जातात. ते रुजत नाहीत याचं कारण मराठीच्या घडणीत आहे. दोन शब्द जोडायचे तर आपण ते सहसा अख्खे ठेवून शेजारी बसवतो: गप्पागोष्टी, केरकचरा, घरदार. एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवायची आपल्याला फारशी सवय नाही. शिवाय नापसंत, नाराज, नालायक या शब्दांमुळे सुरुवातीचा ‘ना’ कानाला नकारच वाटतो. ‘नाजेवण’ ऐकून पहिल्यांदा उपासच आठवेल.

‘मध्याह्नपूर्व उपाहार’ अशी एक सूचनाही ऐकली आहे. हा शब्दप्रयोग घरात कोणाच्या तोंडी बसणार नाही हे सोडाच, अर्थानेही तो चुकतो. उपाहार म्हणजे हलकं खाणं, आणि ब्रंच तर दोन वेळांचं काम एकट्याने करतो. जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण ही चूक पाट्यांवर फार दिसते: उप अधिक आहार म्हणून ‘उपाहार’, ‘पा’ला काना हवाच. काना गेला की उरतो ‘उपहार’, त्याचा अर्थ भेट किंवा नजराणा.

न्याहारीपाशी मात्र थोडं थांबावंसं वाटतं. हा शब्द फारसीतून आला. तिथे ‘नाहार’ म्हणजे सकाळपासून पोटात काही न गेलेला. नाश्ताही फारसीच, आणि त्याचाही मूळ अर्थ उपाशी, न खाल्लेला. रिकाम्या पोटाचं नाव ते पोट भरणाऱ्या खाण्यालाच मिळालं. इंग्रजी ब्रेकफास्ट म्हणजे तरी काय, उपास मोडणं. या सगळ्या नावांत सकाळ कुठेच नाही. संस्कृत ‘प्रातराश’मध्ये ती आहे, पण न्याहारी आणि नाश्ता यांच्या मुळाशी फक्त ‘दिवसाचं पहिलं खाणं’ आहे, मग घड्याळात काही वाजलेले असोत. म्हणूनच ही नावं घड्याळावर घसरत जातात. आजच्या इराणी फारसीत नाहार म्हणजे दुपारचं जेवण, आणि सकाळच्या खाण्याला वेगळा शब्द आहे. फ्रेंचांचा ‘देजने’ हाही मुळात उपास मोडणाराच. तो दुपारवर सरकला, तेव्हा सकाळसाठी ‘छोटा देजने’ म्हणायची वेळ आली.

तेव्हा साडेअकराला दिवसाचा पहिला घास घेणाऱ्याने त्याला ‘उशिराची न्याहारी’ म्हटलं, तर व्युत्पत्तीच्या दृष्टीने ते अगदी नेमकं आहे. अडचण आहे ती आजच्या कानाची. न्याहारी म्हटलं की आपल्याला सकाळ ऐकू येते, आणि नंतर जेवण आहे असंही गृहीत धरलं जातं. दुपारी तीनला कोणी ‘जेवण झालं का?’ विचारलं की अशा दिवशी माणूस क्षणभर अडखळतो. ‘हो’ म्हणावं तर जेवण असं झालेलं नसतं, ‘नाही’ म्हणावं तर पुन्हा जेवायचंही नसतं. त्या अडखळण्यात जी रिकामी जागा दिसते, तिथे ब्रंच बसला आहे. आपल्याकडे नेमकी जागा मोकळी होती आणि बाहेरून आलेला शब्द तिथे बसला, यात मला काही वावगं वाटत नाही. न्याहारी आणि नाश्ता तरी कुठे घरचे होते? आणि ज्यांना तोही शब्द नको असेल, त्यांच्यासाठी घराघरांत बोललं जाणारं वाक्य आहेच: ‘आज नाश्ता-जेवण एकदमच करू.’ नव्या शब्दाची गरजच पडत नाही.

आता ते वाक्य: ‘आम्ही घरी आरामदायी ब्रंचचा आनंद घेतला.’ यातला एकही शब्द मराठीला परका नाही, तरी वाक्य मराठी वाटत नाही. आरामदायी असते ती खुर्ची, किंवा चप्पल. जी वस्तू आराम देते, ती आरामदायी. खाणं आरामात होतं, निवांत होतं, सवडीने होतं. निवांतपणा खाणाऱ्याचा असतो, म्हणून मराठी तो क्रियापदाला जोडते, नामाला चिकटवत नाही. तसंच ‘आनंद घेणे’. मैफिलीचा आनंद घेतला हे चांगलंच आहे, पण घरच्या रोजच्या खाण्याला ते लावलं की जाहिरातीतलं वाक्य होतं. आपण चवीने खातो, मजेत जेवतो, खाता खाता गप्पांत रंगतो. आनंद वेगळा काढून सांगावा लागत नाही.

आणि या सगळ्यासाठी मराठीत एक शब्द आहे, ज्याकडे आपलं दुर्लक्ष होतं याचं मला मनापासून वाईट वाटतं: सावकाश. स अधिक अवकाश, म्हणजे अवकाशासह, मोकळ्या वेळासकट. आज आपण तो ‘हळू’ या अर्थी वापरतो, गाडी सावकाश चालव म्हणतो. पण पंगतीत ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतात तेव्हा वाढणाऱ्याला काही घास हळू चावायला सांगायचं नसतं. तुमच्यासाठी वेळ राखून ठेवला आहे, घाई नाही, असं तो सांगत असतो. ‘हळू जेवा’ म्हणून पाहा, तो अर्थ निघून जातो. सुट्टीच्या दिवशी घरी जे होतं, त्यासाठी याहून नेमका शब्द शोधायची गरज नाही. ‘रविवारी घरीच सावकाश ब्रंच केला.’ झालं वाक्य.

याच्या उलट, ‘ब्रंच उरकला’ किंवा ‘आटोपला’ असं लिहू नये. उरकायची असतात ती कामं. रोजचं जेवणही आपण कधीकधी कामासारखं उरकतो, पण ब्रंच उरकला तर तो ब्रंच राहत नाही.

लिंगाबद्दल: ‘ब्रंच झाला’ आणि ‘ब्रंच झालं’ दोन्ही कानावर येतं. नाश्ता आणि लंच यांच्या ओळीत बसवणारे पुल्लिंगी धरतात, जेवण मनात असलेले नपुंसकलिंगी. मी पुल्लिंगी वापरतो. क्रियापद ‘करणे’, किंवा ‘ब्रंचला बसणे’. जेवणाला स्वतःचं क्रियापद आहे, ‘जेवलो’ म्हटलं की काम होतं. ब्रंचला ते नाही. ‘न्याहारणे’ कोणी म्हणत नाही, आणि ‘न्याहाळणे’ हे अगदीच निराळ्या घराण्यातलं, बघण्याचं क्रियापद.

वचनाची गंमत मात्र नोंदवण्यासारखी आहे. घरातल्या पाच जणांचं खाणं झालं की आपण ‘जेवणं झाली’ म्हणतो, अनेकवचनी, जणू ज्याचं त्याचं जेवण वेगळं मोजायचं. तेच पाच जण ब्रंचला बसले, तर ‘ब्रंच झाला’, एकवचनी. कितीही माणसं असोत, सगळ्यांचा मिळून तो एकच.