‘आय’ की ‘द रिसर्चर’? : संशोधनपर इंग्रजीविषयी वाचकांचे प्रश्न

इंग्रजीतून प्रबंध किंवा शोधनिबंध लिहिणाऱ्या वाचकांच्या पत्रांपैकी चार या वेळी घेतली आहेत. उत्तरांत एकाच निबंधाचा उल्लेख वारंवार येईल. जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी डीएनएच्या रचनेविषयी लिहिलेला हा निबंध २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. तो जेमतेम एका पानाहून थोडा मोठा आहे आणि त्यातील इंग्रजी आपल्याकडील पदवीधराला सहज वाचता येते. शिवाय तो छापून आला तेव्हा क्रिक यांना स्वतःला पीएच.डी. मिळायची होती, हेही आपल्या वाचकांनी लक्षात घ्यावे.

प्रश्न : शिक्षणशास्त्राच्या प्रबंधात मी ‘आय इंटरव्ह्यूड द टीचर्स’ असे लिहिले होते. मार्गदर्शकांनी सर्वत्र ‘आय’ खोडून ‘द रिसर्चर’ केले. त्याच प्रकरणावरून तयार केलेला लेख एका परदेशी जर्नलकडे पाठवला, तर तेथील परीक्षकाने ‘हा रिसर्चर म्हणजे कोण?’ असे विचारले. मी कोणाचे ऐकावे? (संशोधक विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : परीक्षकाची शंका रास्त आहे. पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात दहा संशोधकांची मते मांडली जात असताना मध्येच ‘द रिसर्चर फाउंड’ असे आले, की शोध नेमका कोणाला लागला हे वाचकाला मागे जाऊन तपासावे लागते. शिक्षणशास्त्रात आणि मानसशास्त्रात ज्या एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) लेखनपद्धतीचा आधार घेतला जातो, तिच्या २०१९ च्या सातव्या आवृत्तीत लेखकाने स्वतःविषयी तृतीय पुरुषात लिहू नये असे स्पष्ट सांगितले आहे. एकट्या लेखकाने ‘आय’ वापरावे आणि सहलेखक असतील तरच ‘वी’ वापरावे, असा तिचा नियम आहे. ‘नेचर’ समूहातील नियतकालिकेही लेखकांकडून कर्तरी प्रयोगाची अपेक्षा करतात. वॉटसन आणि क्रिक यांच्या निबंधाचे तर पहिलेच वाक्य ‘वी विश टू सजेस्ट अ स्ट्रक्चर’ असे सुरू होते.

‘मी’ टाळणे म्हणजेच शास्त्रीयता, ही समजूत आपल्या विद्यापीठांत खोल रुजलेली आहे, पण ती इंग्रजी शास्त्रीय लेखनाइतकी जुनी नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचे ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ १६६५ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्यात छापला जाणारा मजकूर पुष्कळदा पत्रांच्या रूपात असे आणि प्रयोग करणारा माणूस मी काय केले व मला काय दिसले ते सरळ सांगत असे. व्यक्तिनिरपेक्ष शैलीचे वर्चस्व त्यानंतर बऱ्याच काळाने आले.

याचा अर्थ कर्मणी प्रयोग वाईट आहे असा नाही. कार्यपद्धतीच्या प्रकरणात तो उपयोगीच ठरतो, कारण ‘मातीचे नमुने १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवले गेले’ या आशयाच्या वाक्यात वाळवणारा कोण होता याच्याशी वाचकाला कर्तव्य नसते. निवड किंवा निर्णय लेखकाचा असेल, तेथे मात्र ‘आय’ हवे. हीच शाळा का निवडली, तीन मुलाखती का वगळल्या, कोणते वर्गीकरण का नाकारले, यांची जबाबदारी कर्मणी प्रयोगात नाहीशी होते, आणि परीक्षक मौखिक परीक्षेत नेमके तेच विचारतात. ‘आय फील’ आणि ‘आय थिंक’ यांना मात्र या सवलतीचा लाभ देऊ नये.

व्यवहाराचे म्हणाल, तर प्रबंध विद्यापीठाला सादर होतो आणि लेख जर्नलला. आपल्या विभागाचा तृतीय पुरुषाचा लेखी नियम असेल, तर प्रबंधात तो पाळावा आणि लेख तयार करताना बदल करावा. असा नियम नसेल आणि केवळ वहिवाट असेल, तर एपीएच्या पुस्तिकेतील ते पान मार्गदर्शकांना दाखवून त्यांचे मत विचारावे.

प्रश्न : मी दोन तालुक्यांतील शेतकऱ्यांचा अभ्यास केला. ठिबक सिंचन असलेल्यांचे उत्पन्न स्पष्टपणे जास्त होते, म्हणून मी ‘धिस प्रूव्ह्ज’ असे लिहिले. मार्गदर्शकांनी त्याचे ‘सजेस्ट्स’ केले आणि पुढे ‘मे’ घातले. एवढी मेहनत करून असे कचरत लिहायचे असेल, तर अभ्यास तरी कशाला? (कृषी अर्थशास्त्राचे संशोधक, सोलापूर)

उत्तर : आपली नाराजी समजू शकते, पण येथे मार्गदर्शकांचेच बरोबर आहे. ज्या शेतकऱ्याने ठिबक बसवले, त्याच्याकडे मुळात जास्त जमीन, स्वतःची विहीर किंवा बँकेत पत असण्याचा संभव अधिक असतो. त्यामुळे वाढलेल्या उत्पन्नात ठिबकचा वाटा किती आणि आधीच्या सुस्थितीचा किती, हे केवळ दोन गटांची तुलना करून सांगता येत नाही. आपल्या माहितीवरून ‘वॉज असोसिएटेड विथ’ एवढे निर्विवादपणे म्हणता येते. ‘प्रूव्ह’ हे क्रियापद गणितज्ञांसाठी राखून ठेवलेले बरे.

इंग्रजी संशोधनलेखनात विधानाचा जोर पुराव्याच्या जोराइतकाच ठेवण्याचा संकेत आहे आणि तो पाळण्यासाठी क्रियापदांची एक उतरंडच तयार झालेली आहे. ‘डेमॉन्स्ट्रेट्स’ आणि ‘शोज’ वरच्या पायरीवर, ‘इंडिकेट्स’ त्याखाली आणि ‘सजेस्ट्स’ आणखी खाली. जाणता वाचक या क्रियापदांवरूनच लेखकाच्या खात्रीचा अंदाज घेतो. वॉटसन आणि क्रिक यांनी आपली रचना उपलब्ध निरीक्षणांशी साधारणपणे जुळते असे सांगून, अधिक अचूक निरीक्षणांशी ताडून पाहीपर्यंत ती सिद्ध झालेली मानू नये, असे स्वतःच लिहिले. या वाक्याने त्यांच्या शोधाचे मोल कमी झाले नाही.

तरीही मार्गदर्शकांनी घातलेले प्रत्येक ‘मे’ स्वीकारावे असे नाही. आपल्या नमुन्यात ठिबकधारकांचे उत्पन्न जास्त होते, हे आपण मोजले आहे. ते साध्या भूतकाळात, कोणतीही पुस्ती न जोडता, ठामपणे लिहावे. सावधगिरी दोनच ठिकाणी लागते : कारण सांगताना, आणि दोन तालुक्यांवरून जिल्ह्याविषयी किंवा राज्याविषयी बोलताना. तेथेही एका विधानाला सावधगिरीचा एकच शब्द पुरे. ‘इट मे पॉसिब्ली सीम टू सजेस्ट’ असे लिहिणाऱ्याला काही म्हणायचे आहे की नाही, अशीच शंका येते. आणखी एक सूचना : संख्याशास्त्रीय चाचणी केली नसेल, तर फरकाला ‘सिग्निफिकंट’ म्हणू नये. तो शब्द अशा लेखनात त्या चाचणीचा निकाल म्हणूनच वाचला जातो.

प्रश्न : माझे इंग्रजी ‘बोलण्यासारखे’ आहे असा शेरा मिळाला, म्हणून मी कोशातून भारदस्त शब्द शोधून घातले. आता म्हणतात, वाचवत नाही. (समाजशास्त्राचे विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : बोलीचा रंग येतो तो मोजक्या गोष्टींमुळे : ‘डोन्ट’, ‘कान्ट’ यांसारखी संक्षिप्त रूपे, ‘अ लॉट ऑफ’, ‘गेट’, उद्गारचिन्हे, वाचकाला ‘यू’ म्हणणे आणि उत्तर ठरलेले असताना विचारलेले प्रश्न. एवढे काढले की काम बहुतेक होते. ‘यूज’चे ‘युटिलाइज’ आणि ‘बिगिन’चे ‘कमेन्स’ केल्याने लेखन औपचारिक होत नाही, नुसते जड होते. याहून मोठा दोष क्रियापदाचे नाम करून टाकण्याचा आहे. ‘द इम्प्लिमेंटेशन ऑफ द स्कीम वॉज डन बाय द ग्रामपंचायत’ यापेक्षा ‘द ग्रामपंचायत इम्प्लिमेंटेड द स्कीम’ हे वाक्य लहान आहे, स्पष्ट आहे आणि तितकेच औपचारिकही आहे. ‘इन टुडेज फास्ट चेंजिंग वर्ल्ड’ किंवा ‘सिन्स टाइम इममेमोरिअल’ अशी सुरुवात तर निःशंकपणे कापावी. खरी प्रस्तावना बहुधा दुसऱ्या परिच्छेदात सापडते. वर्णविन्यास ब्रिटिश ठेवावा की अमेरिकन, असेही आपण विचारले आहे. जर्नल सांगेल तो, आणि सांगितले नसेल तर कोणताही एक, पण शेवटपर्यंत तोच.

प्रश्न : एका ज्येष्ठ इतिहासकारांची कालनिश्चिती चुकीची आहे, असे माझ्या कागदपत्रांवरून दिसते. त्यांचा अनादर न करता हे इंग्रजीत कसे मांडावे? (इतिहासाच्या अभ्यासक, पणजी)

उत्तर : १९५३ साली लायनस पॉलिंग हे जगातील अग्रगण्य रसायनशास्त्रज्ञांपैकी एक होते आणि त्यांनी सहकारी रॉबर्ट कोरी यांच्यासह डीएनएची तीन साखळ्यांची रचना मांडली होती. वॉटसन आणि क्रिक यांनी प्रथम, पॉलिंग आणि कोरी यांनी आपले हस्तलिखित प्रसिद्धीपूर्वी पाहू दिले, याची नोंद केली. मग ‘इन अवर ओपिनियन, धिस स्ट्रक्चर इज अनसॅटिस्फॅक्टरी फॉर टू रीझन्स’ असे म्हणून ती दोन कारणे थोडक्यात दिली आणि ते पुढे गेले. असमाधानकारक ठरली ती रचना. पॉलिंग यांच्या योग्यतेविषयी एक शब्दही नाही. (याच निबंधातील एक गोष्ट मात्र अनुकरणीय नाही. डीएनएची क्ष-किरण छायाचित्रे घेणाऱ्या रोझलिंड फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांच्या अप्रकाशित निष्कर्षांचा उल्लेख शेवटच्या ऋणनिर्देशात, तोही अगदी मोघम शब्दांत आला आहे. ज्याच्या कागदपत्रांवर आपले म्हणणे उभे आहे, त्याचे नाव मजकुरातच यावे.)

आपणही हाच क्रम ठेवावा : त्यांचे मत त्यांना मान्य होईल अशा शब्दांत सांगावे, त्यांच्या वेळी कोणती साधने उपलब्ध होती ते नोंदवावे, मग नवा कागद पुढे ठेवून त्यावरून कोणता काळ निघतो ते लिहावे. क्रियापद निवडताना ‘क्लेम्स’ टाळावे, कारण त्यात अविश्वासाची छटा आहे. ‘आर्ग्यूज’ किंवा ‘डेट्स’ पुरेसे आहे. ‘अनफॉर्च्युनेटली’ आणि ‘ऑब्व्हिअसली’ ही दोन क्रियाविशेषणे सौजन्याच्या हेतूने घातली, तरी खोचकच वाटतात. मराठी लेखकांना अवघड जाणारी शेवटची बाब आदरार्थी उपाधींची. इंग्रजी मजकुरात ‘प्रोफेसर’, ‘डॉक्टर’ किंवा ‘लेट’ न लावता केवळ आडनाव लिहितात आणि त्यात अनादर मानला जात नाही. ज्यांच्याशी आपण सहमत आहात त्यांना उपाधी आणि ज्यांच्याशी मतभेद आहे त्यांचे मात्र नुसते आडनाव, असे चुकूनही होऊ देऊ नये.