गुडघ्याजवळची हाडाची साधी गाठ रक्तवाहिनीला इजा करू शकते का?

हो, क्वचित करते. तुमच्या १७ वर्षांच्या मुलाच्या मांडीच्या हाडावर, गुडघ्याच्या जरा वर, ऑस्टिओकॉन्ड्रोमा म्हणजे अशीच हाडाची साधी गाठ आहे. ‘त्रास नसेल तर राहू द्या’ हा तेव्हाचा सल्ला योग्यच होता. पण ढोलपथकाचा सराव सुरू झाल्यापासून गुडघ्यामागच्या लवणीत सूज आलीय आणि ती ठणकते, असं तुम्ही लिहिलंय. आता एक्स-रेवर थांबू नका.

मी पुण्यात सोनोग्राफी करते. ही गाठ म्हणजे हाडातून निघालेली खुंटी, टोकावर कूर्चेची टोपी. वाढ थांबत आली की टोपीचं हाड होतं आणि टोक कडक, बोचरं बनतं. पायाची मुख्य धमनी तिथूनच मागे जाते. मांडीच्या स्नायूतल्या फटीतून येताना ती जखडलेली असते, बाजूला सरकू शकत नाही. गुडघा वाकला की टोक घासतं. धमनीच्या भिंतीला भोक पडलं की बाहेर आलेल्या रक्ताचा कप्पा तयार होतो, तो स्यूडोॲन्यूरिझम. टोक याच वयात कडक होतं, म्हणून यात बहुतेक वयात आलेली पोरंच दिसतात.

डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, हे लपत नाही. काळ्या कप्प्यात अर्धं लाल, अर्धं निळं असं रक्त गरगरताना दिसतं आणि कप्प्याच्या मानेपाशी ते प्रत्येक ठोक्याला आत जाऊन परत येतं.

खरी भीती वेगळीच. अचानक वाढलेली सूज पाहून कॅन्सरची शंका येते आणि कुणी तपासणीसाठी सुई घालतो. अंगात अशी एकच गाठ असेल तर तिचा कॅन्सर साधारण शंभरात एकाला होतो, पण रक्ताच्या कप्प्यात सुई गेली तर रक्तस्राव आवरणं कठीण. मालीशवाल्याकडे तर अजिबात नेऊ नका. (तुमच्या शेजाऱ्यांचा तो ‘हाडवैद्य’ कितीही नावाजलेला असो.)

उद्याच डॉप्लर करा. कप्पा दिसला तर पुढे सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन. मग ससून असो की खासगी, हाडांचे आणि रक्तवाहिन्यांचे सर्जन दोघंही असतील तिथेच जा, कारण खुंटी काढणं आणि धमनी दुरुस्त करणं बहुधा एकाच ऑपरेशनमध्ये होतं. भोक मोठं असेल तर पायातलीच शीर घेऊन ठिगळ लावतात. पाऊल गार, फिकट किंवा बधिर झालं, तर उद्याची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत न्या. नुसती पोटरी सुजली तरी सांगा. शेजारची शीर दबून त्यात गुठळी होऊ शकते.

आणि हो, रिपोर्ट हातात येईपर्यंत ढोल बंद. पथकातल्या ताईदादांना मीच फोन करते म्हणावं, हवं तर.